उन्हाळ्यात पानं टाकणारी पालेभाजी

अमरावतीच्या राजापेठेत आमच्या घरामागच्या गच्चीवर एका निळ्या ड्रममध्ये कसाव्याचं झाड आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकांनी वीतवीतभर कांड्या कुरियरने मागवल्या, त्यांतली एक जगली, आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ते झाड दाखवलं जातं. ऑगस्टात मलाही दाखवलं. देखणं होतं, खोटं कशाला बोला. पंजासारखी कातरलेली पानं, लालसर देठ, छातीइतकी उंची. "पाणी नको, खत नको, फवारणी नको," काका म्हणाले. "वऱ्हाडातला उद्याचा पालक हाच."

काका एकटे असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. निवृत्त माणसाने आपल्या ड्रममध्ये काय लावावं, हा त्याचा प्रश्न. पण हेच वाक्य मी परसबागेच्या शिबिरात ऐकलं, शेतकरी मेळाव्यात ऐकलं, आणि मेळघाटच्या कुपोषणावर बोलायला जमलेल्या एका बैठकीत तर त्याला टाळ्या पडलेल्या पाहिल्या. म्हणणं असं: वऱ्हाड कोरडवाहू. कोरडवाहूत पालेभाजी होत नाही, म्हणून इथल्या बायांच्या अंगात रक्त नाही आणि मेळघाटातली पोरं वाळलेली. कसावा दुष्काळातही तगतो. त्याचा पाला आफ्रिकेत कोट्यवधी लोक खातात आणि त्यात पंचवीस टक्के प्रथिनं असतात. तेव्हा धुऱ्याधुऱ्यावर कसावा लावा, पाला खुडा, प्रश्न मिटला. कास्तकार ऐकत नसेल तर त्याचं कारण उघड आहे, त्याला कपाशी आणि सोयाबीनपलीकडे काही दिसत नाही.

या मांडणीत कसावा तगतो हे खरं आहे आणि आफ्रिकेत लोक पाला खातात हेही खरं आहे. गंमत अशी की ही दोन खरी वाक्यं नीट वाचली तर उरलेली सगळी कोसळतात.

कसावा तगतो म्हणजे नेमकं काय करतो, हे कोणी विचारलंय? पाण्याचा ताण पडला की तो पानांची रंध्रं मिटून घेतो, नवी पानं लहान काढतो, जुनी टाकून देतो आणि जमिनीखाली कंदात साठवलेल्या पिठाच्या जोरावर पुढच्या पावसाची वाट पाहत बसतो. कंद काढणाऱ्याला ही फार मोठी सोय. पाला खाणाऱ्याला काय? मे महिन्यात टाकीत पाणी किती उरलं ते पाहायला मी गच्चीवर चढलो तेव्हा काकांचं झाड मेलेलं नव्हतं. शब्द खरा ठरला. राखाडी काठी, तिच्यावर गळून गेलेल्या देठांचे वण, आणि टोकाला चार आक्रसलेली पानं. चारच, मोजली मी. काकांच्या घरात माणसं पाच.

"पाणी दिलं की फुटते," काका म्हणाले. फुटेल ना. पण पाणीच द्यायचं तर मेथीने काय घोडं मारलंय?

पावसाळ्यात पाला भरपूर येतो हे मान्य. पण जुलै-ऑगस्टात वऱ्हाडात हिरव्या पानांची टंचाई असते कुठे? तेव्हा धुऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. टंचाई असते ती मार्च ते जून, आणि नेमके तेच चार महिने हे झाड काठी होऊन उभं असतं.

आता विषाकडे येतो. त्याचा उल्लेख व्याख्यानात शेवटच्या मिनिटाला, 'थोडं उकळून घ्या' एवढ्यावर उरकला जातो. कसाव्याच्या पेशीत लिनामरिन नावाचं द्रव्य असतं. पेशी फुटली की त्यातून सायनाइड मोकळं होतं. हे कंदात असतं, आणि पाल्यात कंदापेक्षा किती तरी जास्त. 'गोड' वाण आणि 'कडू' वाण हा भेद कंदापुरता. गोड वाणाचा पाला गोड नसतो.

आमच्या कास्तकाराला हे शिकवायला कोणी आफ्रिकेतून यायला नको. पावसाने ओढ दिली, ज्वारी हातभर असतानाच करपायला लागली, की जुना गुराखी त्या वावरात गुरं शिरू देत नाही. गुराला कोवळी ज्वारी लागली तर ते फेस गाळत, धापा टाकत आडवं होतं आणि डॉक्टर सोडियम थायोसल्फेटची सुई घेऊन पोचेपर्यंत बहुधा खेळ संपलेला असतो. ज्वारीतलं ते विष म्हणजे हेच सायनाइड. आणि त्याची खोडही तीच, पाण्याचा ताण जितका जास्त तितकं विष जास्त. कसाव्याचंही असंच आहे. म्हणजे ज्या कोरड्या वर्षासाठी हे झाड आपल्याला सुचवलं जातं, त्याच वर्षी त्याला पानं सर्वांत कमी असणार आणि त्या पानांत विष सर्वांत जास्त असणार. बाराही महिने दावणीच्या शेळीला तोंड टाकता येईल अशा धुऱ्यावर हे लावायचं? केरळ-तमिळनाडूत कसाव्याचा पाला खाऊन जनावरं मेल्याची उदाहरणं तिथल्या पशुवैद्यांना नवी नाहीत.

"पण लाखो लोक खातात की!" खातात, आणि चवीने खातात. कसे खातात ते पाहा. काँगोत 'पोंडू' करणारी बाई आधी उखळात पाला कुटून त्याचा लगदा करते, मग तासन् तास उकळते. ब्राझीलच्या पारा प्रांतातली 'मानिसोबा' आठवडाभर चुलीवर असते. कुटण्याला कारण आहे. पान चिरडलं की त्यातलंच एक विकर लिनामरिन फोडतं आणि सायनाइड उडून जातं. पान अख्खं उकळत्या पाण्यात टाकलं तर उष्णतेने ते विकरच आधी मरतं आणि विषाचा बराचसा भाग जिथल्या तिथे राहतो. आता आमच्या स्वयंपाकघरात या. पालेभाजी म्हणजे निवडली, धुतली, चिरली, लसणाची फोडणी दिली, झाकण ठेवलं. घाई असेल तर कुकर, तीन शिट्ट्या. पिढ्यान् पिढ्यांची ही हातवळणं एका व्याख्यानाने बदलतात असं ज्याला वाटतं, त्याने आपल्या घरी आधी एक आठवडा उखळ चालवून दाखवावं.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: आळूही खाजतो, आपण चिंच घालून खातोच ना? हो, खातो. पण आळू कच्चा राहिला तर पहिल्याच घासाला घसा सांगतो आणि माणूस ताट सरकवतो. रोज थोडं थोडं पोटात जाणारं सायनाइड असं काही सांगत नाही. ते महिन्यांनी पायांतून बोलतं. त्या आजाराला काँगोतल्या लोकांनी 'कोंझो' नाव दिलं आणि 1938 मध्ये ट्रॉली नावाच्या डॉक्टरने त्याची नोंद केली. चालता माणूस एके दिवशी उठतो तो पाय ताठलेले, कायमचे. यात बाया आणि पोरं जास्त. 1981 च्या दुष्काळात मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात एका हंगामात हजाराहून जास्त लोकांना तो झाला. तिथे दोष पाल्याचा नव्हता, नीट न भिजवलेल्या, न वाळवलेल्या कडू कंदाचा होता, हे मी लपवत नाही. पण ते घडलं कसं? दुष्काळाने विष वाढवलं, भुकेने सोपस्कार तोडले, आणि ताटात डाळ-मासळी नसल्यामुळे ते विष निपटायला शरीराला लागणारं गंधकाचं प्रथिन मिळालं नाही. दुष्काळ, भूक, अपुरी प्रथिनं. मेळघाटच्या बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांनी ही तीन कारणं पुन्हा वाचावीत.

आणि हे विदर्भातच सांगावं लागावं? भंडारा-गोंदियाकडे लाखोळी पिकते. दुष्काळात सगळं जळतं, लाखोळी तगते. ती रोज आणि नुसती खाल्ली की पायांतलं बळ जातं, म्हणून केंद्राने 1961 मध्ये तिच्या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली. त्या बंदीवर पुढे कितीही वाद झाले असोत, 'दुष्काळात तगणारं' हे विशेषण ऐकलं की जरा थांबून बघावं, एवढं तरी आपण शिकायला हवं होतं.

प्रथिनांच्या पंचवीस टक्क्यांवर फार वेळ घालवत नाही. तो आकडा पाला पूर्ण वाळवून, पाणी काढून मोजलेला असतो. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ते काढून टाका, उरलेल्या भुग्यात प्रथिनं पंचवीस टक्क्यांच्या वरच भरतील. मग पालकाची मिरवणूक का नाही काढत?

जमिनीचं बोलू. 'कोरडा प्रदेश' हा शब्द वापरणाऱ्याने वऱ्हाडातला जुलै पाहिलेला नसतो. इथे वर्षाला साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत, आणि काळ्या चिकण मातीत. पाणी दिवसेंदिवस तुंबतं, चप्पल वावरातच राहते. पुढे आठ महिने तीच माती भेगाळते, इतकी की भेगेत हात जातो. कसाव्याला भुसभुशीत, निचऱ्याची, केरळसारखी तांबडी जमीन मानवते. मुळाशी पाणी साचलं की तो कुजतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा गेलेला आहे. तिथे विहिरीचं पाणी माणसाच्या तोंडाला लागत नाही आणि क्षार कसाव्यालाही सोसत नाहीत. त्यात पांढरी माशी. कसाव्यावरचा मोझॅक ती पसरवते, आणि कसावा कांडीपासून लावतात म्हणून रोगही कांडीबरोबर कुरियरने फुकट घरपोच येतो. कपाशीवरची पांढरी माशी त्याच जातकुळीची. कपाशीच्या वावराला बारमाही कसाव्याचं कुंपण घालणं म्हणजे घरभर मुंग्या झालेल्या असताना ओसरीत गुळाची ढेप ठेवणं.

कोणी म्हणेल, परकं म्हणून याला पोटशूळ उठलाय. मिरचीही परकी, भुईमूगही परका, आणि आम्हा वऱ्हाडी माणसांची जीभ त्या दोघांवरच उभी आहे. कसावा तर आम्ही महाशिवरात्रीला आणि आषाढीला ताट भरभरून खातो. साबुदाणा म्हणजे दुसरं काय? तमिळनाडूतल्या सेलमकडे कसाव्याचा कंद किसून, धुऊन, त्याचं सत्त्व बसवून, भाजून ते मोती करतात. विष धुण्याचं काम तिथे होऊन जातं म्हणून आमच्या आज्या निर्धास्त उपास करत आल्या. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी 1880 च्या दशकात कसाव्याचा प्रसार केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला तेव्हा याच कंदाने त्रावणकोरातली माणसं जगवली. तिरुवनंतपुरमला 1963 पासून कंदपिकांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. इतकी वर्षं, इतकी भूक, इतकं संशोधन, आणि तरी केरळात कसाव्याचा पाला रोजची भाजी म्हणून रुळला नाही. ज्यांच्या परड्यात तो उभा आहे त्यांनी जे ताटात घेतलं नाही, ते आपण त्यांच्याहून शहाणे म्हणून घ्यायचं?

आता मला खरा राग ज्या वाक्याचा आहे ते. 'कोरडवाहूत पालेभाजी होत नाही.'

हे म्हणणाऱ्याने अंबाडी खाल्लेली नाही. कपाशीच्या, ज्वारीच्या वावरात मधेच एखादं तास अंबाडीचं असायचं. निंदायला गेलेली बाई परतताना ओटीत कोवळे शेंडे घेऊन यायची. पाला उकडून आंबट पाणी काढायचं, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायचं, वर लसूण-मिरचीची चुरचुरीत फोडणी, सोबत भाकर. त्याच झाडाच्या वाखाचा दोर पोळ्याला बैलाच्या गळ्यात. एका तासात भाजी, बी आणि दोरखंड, आणि पाणी फक्त आभाळाचं. हे कोणत्या 'चमत्कारी' झाडाला जमतं?

हरभरा घ्या. फुलावर येण्याआधी शेंडे खुडले की झाड पसरतं, घाटे वाढतात, म्हणजे भाजी खुडणं ही त्या पिकाची मशागतच आहे. हिवाळ्याच्या सकाळी ती खुडताना पानांवरच्या आंबेने बोटं चुरचुरतात. तोच पाला धोतरावर वाळवून डब्यात भरला की मे महिन्यात, बाहेर पारा 45 च्या वर असताना, मूठभर पाला डाळीत पडतो. उन्हाळ्यातल्या पालेभाजीचा प्रश्न वऱ्हाडी बाईने एका जुन्या धोतरावर सोडवला होता. त्यासाठी तिला स्लाइड शो लागला नव्हता. पावसाळ्यात तरोटा, कुंजर, केना, काटेमाठ, फांदीची भाजी. हिवाळ्यात करडईची कोवळी रोपं, विरळणीची. शेवग्याचा पाला तर उन्हं चढू लागली की फुटतो, आणि त्याला उखळ लागत नाही.

आणि चिवळ. नखाएवढीही नसलेली मांसल पानं, दोऱ्यासारख्या लालसर काड्या, तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय कचकच जात नाही. मुगाची डाळ किंवा वरून पीठ पेरून केलेली चिवळ खाल्ल्याशिवाय आमचा उन्हाळा सरत नाही. तिची थोरली बहीण घोळ. ताण पडला की घोळ आपली प्रकाशसंश्लेषणाची रीतच बदलते, रात्री रंध्रं उघडते आणि पाणी राखते. कसावा पान टाकून जगतो, घोळ पान धरून. पालेभाजी म्हणून दोघांत कोणाला निवडाल?

मग ही भाजी गेली कुठे? जमिनीने द्यायचं थांबवलेलं नाही, आपणच मारली. कृषी खातं ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरवतं, मंत्री तरोट्याची वडी तोंडात घालतात, फोटो निघतात. आणि त्याच आठवड्यात त्याच तरोट्यावर तणनाशकाचा पंप चालू असतो. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारा विनापरवाना कापूस जाहीरपणे पेरला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे दुखणं खरं आहे. पण हिशोब पुरा मांडा. त्या फवाऱ्याखाली कपाशी सोडून जे जे मरतं, त्यात आमच्या ताटातल्या निम्म्या भाज्या आहेत. वावरातली अंबाडी मारायची, धुऱ्यावरची घोळ जाळायची, आणि मग त्याच मोकळ्या धुऱ्यावर उभं राहून 'इथे काही उगवत नाही हो' म्हणत परक्या कांड्या विकायच्या. याला धंदा म्हणतात, शेती नव्हे.

असे धंदे आम्ही पाहिले आहेत. सुबाभूळ आली तेव्हा तीही चमत्कारी होती. तो पाला जास्त खाल्ला की जनावरांचे केस झडतात हे मागाहून कळलं. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाची शिफारस केली आणि पडीक जमिनीतून डिझेलच्या विहिरी लागणार असल्याचं वातावरण झालं. माझ्याच एका नातेवाइकाने अडीच एकरांत जट्रोफा लावला. रोपं विकणारा पुन्हा दिसला नाही. ती झुडपं अजून उभी आहेत, शेळीसुद्धा त्यांना तोंड लावत नाही.

कसाव्याच्या प्रचारकांनी एवढंच करावं. धुऱ्यावर फवारणी बंद ठेवायला कास्तकाराला राजी करावं. कपाशीच्या दहा तासांमागे एक तास अंबाडीचं सोडायला लावावं. अकोल्याला 1969 पासून पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे, त्याच्या दारात जाऊन बसावं आणि चिवळीचं, अंबाडीचं, करडईच्या भाजीचं निवडक बियाणं मागावं. शाळेच्या खिचडीत वाळवलेला हरभऱ्याचा पाला पडेल एवढी खटपट करावी. यात कुरियर नाही, कांडीला पन्नास रुपये नाहीत, व्याख्यानाला टाळ्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे कोणी करत नाही, हेही ठाऊक आहे.

परवाच्या रविवारी इतवारा बाजारात गेलो होतो. गोणपाटावर ओल्या फडक्याखाली हिरवा ढीग घेऊन एक बाई बसलेली. "घ्या ना जी, सकायचीच चिवय हाये, वीस रुपये पाव." माझ्या आधी पिशवी पुढे करून उभ्या होत्या आमच्या शेजारच्या काकू. मला पाहून जरा ओशाळल्या. "अर्धा किलो द्या," बाईला म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "यांना नका सांगू, भाऊ. ते वर ड्रमला पाणी घालत बसले आहेत."